अंगणातला गुलाब : निवडीतच निम्मी जोपासना

पौष-माघाच्या थंडीत रोपवाटिकांमधून गुलाबाची रोपे मोठ्या हौसेने घरी आणली जातात. त्या दिवसांत प्रत्येक काळ्या पिशवीत एखादे टपोरे फूल डोलत असते आणि खरेदी करणाऱ्याची नजर त्या फुलापलीकडे सहसा जात नाही. रोप घरी येते, कुंडीत लागते, दोन-चार फुले देते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात नवी पाने आकसतात, आषाढात पानांवर काळे ठिपके पडून ती गळू लागतात आणि दिवाळीपर्यंत कुंडीत एकच लांबलचक, हिरवीगार, काटेरी फांदी उरते. तिला फूल मात्र कधीच येत नाही. मग घरातील वडीलधारी मंडळी निष्कर्ष काढतात, "आपल्या घरी गुलाब मानवत नाही."

या एका वर्षाच्या प्रवासात त्या घराला सल्लेही पुष्कळ मिळालेले असतात. कोणी सांगतो, हाडांचा चुरा घाला. कोणी म्हणतो, दर पंधरवड्याला अमुक औषध फवारा. कोणी मासळीच्या खताची बाटली सुचवतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या आणि पाणी गाळून वापरणाऱ्या घरात हे सल्ले घशाखाली उतरत नाहीत. काही जण मन मारून ते पाळतात, तर काही गुलाबाचा नादच सोडून देतात. पण या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे. गुलाबाच्या बहुतेक व्याधींचे मूळ तो कुंडीत लावल्यानंतर नव्हे, तर तो निवडतानाच रुजते. निवड नीट झाली तर पुढील फवारण्यांची गरज पुष्कळ अंशी उरत नाही.

रंगाबरोबर आलेला रोग

गुलाब हा शब्द फारसीतून आला. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. मूळ अर्थ गुलाबजल. आपल्याकडे पाण्याचे नाव फुलाला मिळाले. आयुर्वेदाच्या निघंटूंत त्याला 'शतपत्री' आणि 'तरुणी' अशी नावे आहेत. आज बाजारात दिसणारे मोठ्या फुलांचे गुलाब मात्र इतके प्राचीन नाहीत. युरोपातील जुने गुलाब बहुतांशी वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील बारमाही फुलणारे गुलाब तिकडे पोहोचले. त्यांपैकी काही कोलकात्यामार्गे गेले, म्हणून त्यांना 'बंगाल गुलाब' असेही म्हटले जाई. या दोन कुळांच्या संकरातून पुढे नवे वर्ग निर्माण झाले. १८६७ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेला 'ला फ्रान्स' हा पहिला 'हायब्रीड टी' गुलाब मानला जातो. लांब दांड्यावर एकच डौलदार फूल धरणारा हा वर्ग आज सर्वांत लोकप्रिय आहे.

या गुलाबांत लाल, गुलाबी, पांढरा असे रंग होते, पण गडद पिवळा नव्हता. तो मिळवण्यासाठी पेर्ने-द्यूशे या फ्रेंच संकरकाराने 'पर्शियन यलो' या पिवळ्या गुलाबाचा संकर केला आणि १९०० मध्ये 'सोलेई द'ऑर' हे वाण जगासमोर आणले. आजचे पिवळे, केशरी, दुरंगी गुलाब मोठ्या प्रमाणावर याच वंशातले आहेत. परंतु त्या पिवळ्या रंगाबरोबर एक दोषही वंशात शिरला : काळ्या ठिपक्यांच्या रोगाला चटकन बळी पडण्याचा.

घरच्या बागेसाठी ही माहिती मोलाची आहे. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे बीजाणू रुजण्यासाठी पान सुमारे सात तास सलग ओले राहावे लागते. महाराष्ट्रातील पावसाळ्यात अशी स्थिती आठवड्यातून अनेकदा येते. त्यामुळे ज्या घरात फवारणी टाळायची आहे, तेथे पिवळ्या आणि केशरी गुलाबांची संख्या मर्यादित ठेवणे शहाणपणाचे ठरते. एखादे पिवळे रोप हवेच असेल, तर ते पावसाचे थेट पाणी न लागणाऱ्या, पण ऊन मिळणाऱ्या छपराच्या कडेला ठेवावे.

गव्हाचा शास्त्रज्ञ आणि गुलाब

रोग आल्यावर औषध शोधण्यापेक्षा रोग पेलणारे झाड शोधावे, हा विचार भारतीय शेतीत ज्यांनी दृढ केला, त्यांत डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचे नाव अग्रभागी आहे. तांबेरा रोगाने गव्हाची पिके उद्ध्वस्त होत असताना त्यांनी वर्षानुवर्षे संकराचे काम केले आणि तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्याला तोंड देणारे 'एन. पी. ८०९' हे वाण देशाला दिले. १९६५ मध्ये ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. हाच गव्हाचा शास्त्रज्ञ गुलाबाचाही निस्सीम उपासक होता. त्यांचा 'द रोझ इन इंडिया' हा ग्रंथ आजही अभ्यासक हाती घेतात. 'दिल्ली प्रिन्सेस' हा गडद गुलाबी झुपक्यांचा गुलाब त्यांचाच. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेतून 'मृणालिनी', 'मोहिनी', 'रक्तगंधा' असे गुलाबही पुढे आले.

तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे एम. एस. विरराघवन आणि गिरिजा विरराघवन या दांपत्याने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. युरोपच्या थंडीत घडलेला गुलाब भारताच्या उष्ण मैदानांत का कुढतो, हे ओळखून त्यांनी देशातीलच रानगुलाबांकडे लक्ष वळवले. बंगाल-बिहारच्या पाणथळ काठांवर वाढणारा 'रोझा क्लायनोफायला' आणि मणिपूरच्या डोंगरांतला 'रोझा जायगँटिया' यांचे रक्त त्यांनी नव्या गुलाबांत आणले. अशी रोपे सर्वत्र सहज मिळत नाहीत. पण त्यांच्या कामातून मिळणारा धडा प्रत्येकाला उपयोगी आहे. चित्रातील सुंदर फुलापेक्षा आपल्या गावच्या हवेत सुखाने वाढणारे झाड श्रेष्ठ.

कोणत्या घरासाठी कोणता गुलाब

मोठ्या एकेका फुलाची आवड असणाऱ्यांनी हायब्रीड टी वर्ग निवडावा, मात्र त्याला निगा अधिक लागते, हे ध्यानी ठेवावे. आपल्याकडे दीर्घकाळ टिकलेला 'ग्लॅडिएटर' हा लाल गुलाब त्यातलाच. 'क्वीन एलिझाबेथ' हा उंच वाढणारा गुलाबी गुलाब काटक असून नवख्यांना निराश करत नाही. सुगंधाची ओढ असेल तर 'पापा मेलाँ' किंवा 'डबल डिलाइट' यांची कीर्ती मोठी आहे. पण हिवाळ्यात दोघांवरही भुरी रोग लवकर येतो, म्हणून त्यांना सकाळचे ऊन आणि खेळती हवा द्यावीच लागते.

रोज चार-दोन फुले हवीत, बाग सतत फुललेली दिसावी, अशी अपेक्षा असणाऱ्यांसाठी झुपक्यांनी फुलणारा 'फ्लोरिबंडा' वर्ग उत्तम. एखादे फूल किडीने किंवा पावसाने खराब झाले, तरी त्याच झुपक्यातील इतर कळ्या उमलतात. पांढरा 'आइसबर्ग' याच वर्गातला. सज्जा लहान असेल तर बटण गुलाब घ्यावेत. आठ इंची कुंडीत ते समाधानाने राहतात. वेली गुलाबाला मात्र भिंत किंवा कमान हवी आणि पहिल्या वर्षी फुलांची वाट पाहण्याचा संयमही हवा.

या सर्वांत गावठी गुलाबाला विसरू नये. रोपवाटिकेत 'एडवर्ड' या नावाने मिळणारा हा फिकट गुलाबी, सुगंधी गुलाब दिसायला साधा आहे. त्याच्या पाकळ्या दुसऱ्या दिवशीच गळतात, फुलदाणीत तो शोभत नाही. पण तो स्वतःच्या मुळांवर वाढतो, ऊन-पाऊस सोसतो आणि औषधाची अपेक्षा ठेवत नाही. पहिलाच गुलाब लावणाऱ्या घराने आरंभ त्याच्यापासून करावा.

फुलाकडे नव्हे, खोडाकडे पाहावे

रोपवाटिकेत गेल्यावर प्रथम रोपाच्या बुंध्याकडे पाहावे. बहुतेक संकरित गुलाब हे जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेले असतात. ज्या ठिकाणी डोळा भरला आहे तेथे एक गाठ दिसते. ती गाठ घट्ट, निरोगी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीपासून मोकळी असावी. तिच्यावर निदान दोन-तीन जाड फांद्या फुटलेल्या असाव्यात. खोडावर पांढरट-तांबूस खवले, फांदीच्या टोकाकडून खाली उतरणारा काळेपणा किंवा पानांच्या मागे बारीक जाळी असेल, तर फूल कितीही देखणे असले तरी ते रोप घेऊ नये. कीड घरी आणायची आणि मग तिला मारायचे, या दोन्ही गोष्टी तेथेच टळतात.

प्रारंभी उल्लेख केलेली ती फुलाविना वाढणारी फांदी या गाठीच्या खालून, म्हणजे जंगली खुंटातून फुटलेली असते. ती वरच्या कलमाचे अन्न पळवते आणि हळूहळू मूळ गुलाब मरतो. सात पानांचे दल दिसले की फुटवा जंगली, असा एक समज आहे. परंतु अनेक चांगल्या गुलाबांनाही सात दले येतात. म्हणून दले मोजण्यापेक्षा फुटवा गाठीच्या वरून निघाला की खालून, हे पाहावे. खालून निघाला असेल तर माती थोडी दूर सारून तो मुळापाशी ओढून काढावा. वरच्या वर कापला, तर त्याच जागी चार फुटतात.

माती, ऊन आणि हाडांच्या चुऱ्याचा प्रश्न

गुलाबाला दिवसाकाठी निदान सहा तासांचे ऊन हवे. त्यातही सकाळचे अधिक चांगले. जमिनीत लावायचा असेल तर दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. हायब्रीड टी रोपांत अडीच फूट, फ्लोरिबंडात दोन फूट अंतर असावे. कुंडी बारा ते चौदा इंची घ्यावी. दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग पालापाचोळ्याचे खत किंवा कोकोपीट, असे मिश्रण पाण्याचा निचरा नीट करते. लावताना डोळ्याची गाठ मातीच्या किंचित वर राहील, याची खबरदारी घ्यावी.

आता मुख्य प्रश्न. गुलाबाला स्फुरद लागते, म्हणून हाडांचा चुरा घालण्याची प्रथा पडली. पण तो घालावाच लागतो काय? दख्खनच्या पठारावरील काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली असून बहुधा अल्कधर्मी आहे. हाडांतील स्फुरद हे चुनखडीशी बांधलेले असते आणि ते मोकळे होण्यासाठी माती आम्लधर्मी असावी लागते. म्हणजे पुणे, सांगली, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर अशा भागांतील काळ्या मातीत हाडांचा चुरा घातला, तरी झाडाच्या पदरात त्यातले फारच थोडे पडते. या मातीसाठी सिंगल सुपर फॉस्फेट अधिक योग्य. खनिज दगडावर आम्लाची प्रक्रिया करून ते बनवतात. त्यात १६ टक्के स्फुरद असते आणि शिवाय गंधकही मिळते. शेणखतात मिसळून जमिनीतील रोपाला छाटणीच्या वेळी सुमारे ५० ग्रॅम आणि कुंडीला एक-दोन चहाचे चमचे पुरे होते. कोकणातील जांभी माती आम्लधर्मी असते. तेथे हाडांतील स्फुरद मोकळे होते हे खरे. पण त्याच मातीत दगडी खनिजाची भुकटी, म्हणजे रॉक फॉस्फेट, हेही मोकळे होते. एका मातीत हाडांचा चुरा कामाचा नाही आणि दुसऱ्या मातीत त्याला पर्याय आहे. तो वगळल्याने गुलाबाचे काहीच उणे होत नाही.

एक दक्षता मात्र हवी. 'सेंद्रिय' असा शब्द छापलेल्या तयार खताच्या पिशवीत हाडांचा, रक्ताचा किंवा मासळीचा चुरा असू शकतो. पिशवीवरील घटकांची यादी वाचल्याशिवाय ती घेऊ नये. शेणखत, गांडूळखत, शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड यांवर गुलाब सुखाने वाढतो. नत्र मात्र बेताने द्यावे. अति नत्राने कोवळे, लुसलुशीत फुटवे येतात आणि माव्याला तेच हवे असते.

किडीपुढचा विवेक

गुलाबावर कीड येणारच नाही, असे कोणी सांगितले तर ते खरे नव्हे. प्रश्न पहिल्या प्रतिक्रियेचा आहे. पानाच्या कडेवर कंपासने कापल्यासारखे अर्धगोल दिसले की अनेक जण घाबरून फवारणी करतात. वास्तविक ते काम पाने कापणाऱ्या एका एकाकी मधमाशीचे असते. ती तो तुकडा आपल्या पिलाच्या घरट्याला अस्तर म्हणून नेते. झाडाला त्याने इजा होत नाही. पुढच्या पालवीत ते विसरूनही जाते. येथे काहीही न करणे हाच योग्य उपाय.

मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो. सकाळी पाण्याची हलकी धार सोडली की तो खाली ओघळतो. चार-पाच दिवसांत तीन-चार वेळा असे केले आणि नत्र थांबवले, की बहुधा भागते. ठिपकेदार पाठीचे ढालकिडे माव्यावर जगतात. विषारी फवारणीत प्रथम तेच मरतात आणि पुढच्या खेपेला मावा दुप्पट येतो. कडक उन्हाळ्यात पानांमागे येणारा लाल कोळी कोरड्या, धुळकट हवेत फोफावतो. पानांची मागची बाजू धुतली की त्याचा जोर ओसरतो. पावसाळ्यात ठिपके पडलेली पाने रोज वेचावीत, पाणी सकाळी आणि केवळ मुळाशी द्यावे, रोपांत वारा खेळेल इतके अंतर ठेवावे. वेचलेली पाने जाळू नयेत. त्यांवर सूक्ष्म जीव असतात. ती कचऱ्याबरोबर बागेबाहेर द्यावीत.

कडुलिंबाचा अर्क निरुपद्रवी मानला जातो, पण तोही किड्यांची कात टाकण्याची क्रिया रोखून त्यांचा अंत करतोच. तेव्हा 'नैसर्गिक' या शब्दाने मनाचे समाधान करून घेण्यात अर्थ नाही. गृहस्थाच्या हातून आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही; ती किती घटवायची, हे मात्र त्याच्या हाती असते. एखादे वाण दरवर्षी औषधाशिवाय जगूच शकत नसेल, तर फवारणीचा पंप विकत घेण्यापेक्षा त्या जागी दुसरे, काटक वाण लावावे. बाग लहान होईल, मन हलके राहील.

छाटणी आणि विसावा

चातुर्मासात बागेतही हात आखडता घेणेच हिताचे आहे. संततधार पावसात मोठी छाटणी करू नये, खतांचा मारा करू नये. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मुख्य छाटणी करावी. वाळलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून चार-पाच सशक्त फांद्या ठेवाव्यात आणि हायब्रीड टी गुलाब सुमारे दीड फुटावर आणावा. बाहेरच्या दिशेने असलेल्या डोळ्याच्या थोडे वर, धारदार कात्रीने तिरका छेद द्यावा. छेदावर बोर्डो पेस्ट लावली म्हणजे टोकाकडून फांदी काळी पडत जाण्याचा धोका कमी होतो. छाटणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांत पहिला बहर येतो. म्हणजे मार्गशीर्षाच्या आसपास अंगण फुलते आणि जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तेव्हा घरचा गुलाबही ऐन भरात असतो. ते प्रदर्शन पाहण्यास जाणाऱ्यांनी फुलांबरोबर पाटीवरील वाणांची नावेही टिपून घ्यावीत. पुढच्या खरेदीला त्यांचा उपयोग होतो.

फुलाचे पुढे काय

पूजेत फुले वाहण्याविषयी आपल्या समाजात परंपरा भिन्न आहेत. काही ठिकाणी केशरात रंगवलेले तांदूळच पुष्प म्हणून वाहतात. ज्या घरांत ताजी फुले वाहण्याची रीत आहे, तेथे बाजारातील औषध मारलेल्या फुलापेक्षा घरच्या अंगणातले फूल केव्हाही शुद्ध. खाण्याच्या दृष्टीने तर हे अधिकच खरे आहे. विक्रीसाठी वाढवलेल्या गुलाबांवर कीटकनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्या पाकळ्यांचा गुलकंद करू नये. ज्या घरी फुलांचा त्याग नाही, तेथे गावठी गुलाबाच्या पाकळ्या उन्हात एकेक झटकून, निरखून, खडीसाखरेबरोबर काचेच्या बरणीत मुरवतात. विकतच्या गुलकंदात मध किंवा प्रवाळ असू शकते आणि प्रवाळ हा समुद्रातील जीवांचा सांगाडा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. घरच्या बरणीत काय आहे, ते घरच्यांना माहीत असते. किती दिवस ठेवायचा, याचा निर्णय घराच्या नियमाप्रमाणे व्हावा.

ज्या घरी गुलाब मानवत नाही असे ठरून गेले आहे, त्या घराने येत्या हिवाळ्यात आणखी एकदा रोपवाटिकेत जावे. या वेळी टपोऱ्या फुलाला बाजूला सारून रोपाचा बुंधा पाहावा, डोळ्याची गाठ चाचपावी, पानांची मागची बाजू उलटून बघावी आणि वाणाचे नाव विचारून घ्यावे. कदाचित त्या दिवशी निवडलेल्या रोपावर एकही फूल नसेल. अंगणात ते पहिल्यांदा फुलेल तेव्हा त्यासाठी कोणाचेही हाड कुटले गेलेले नसेल आणि पाकळीवर औषधाचा वासही नसेल.